बसऱ्याची पेटी

सुभेदार आबांना काही सांगायला गेलं की ते डावा कान पुढं करून शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग म्हणत, "आता परत म्हना." आपण परत सांगायचं. त्यात एखादा शब्द इकडचा तिकडं झाला की बोट वर करून थांबवत. "मगाशी 'बहुतेक' म्हनला न्हवता. आत्ता म्हनला. मंग खरं कुठलं?"

भाजीवाल्यापासून आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकापर्यंत सगळ्यांना त्यांनी या परीक्षेला बसवलं होतं. फौजेत ते सिग्नलमध्ये होते. तारा ओढायच्या, निरोप घ्यायचा, घेतलेला निरोप उलट म्हणून दाखवायचा आणि मगच पुढं धाडायचा, यात त्यांचं तरुणपण गेलं. उजवा कान सरहद्दीवर तोफांच्या आवाजानं गेला होता. डावा उरला होता, तोही वर्षागणिक पातळ होत चालला होता. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, कुणाचंही बोलणं ते अर्धवट ऐकून सोडत नसत.

साताऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचं नाव ज्ञानदेव काटकर. पण पाटीवर, पत्रावर आणि आमच्या तोंडात ते सुभेदार आबाच होते. मी हायस्कुलात इतिहास शिकवायची, म्हणून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणत. निवृत्त झाल्यावरही म्हणत.

एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कंडक्टरच्या निधनाची बातमी पुण्याच्या दवाखान्यातून आली. दारात खुर्च्या मांडल्या, कुणी तरी हार आणला, बायकांनी रडायला सुरुवात केली. आबा पायात चपला घालून आले आणि त्यांनी एकच विचारलं, "कुनी बघितलं?" कुणीच बघितलं नव्हतं. कुणाला तरी कुणाचा तरी फोन आला होता. आबांनी घरातल्या मुलाला शेजारच्या खोलीत बसवून दवाखान्यात फोन लावायला लावला. गेला होता तो त्याच नावाचा दुसरा पेशंट. आमचे कंडक्टर पुढच्या आठवड्यात टॅक्सीतून घरी आले. गल्ली हसली, आबा हसले नाहीत. "त्या दुसऱ्याच्या घरी कोन सांगायला गेलं आसंल," एवढंच म्हणाले.

त्यांची बायको गेली त्या सकाळी ते आमच्या दारात आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "मास्तरीणबाई, आमची मंडळी पाटंला गेली. कन्फर्म केलं." मी आत धावले. ते मात्र तसेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मी ते परत म्हणून दाखवायची वाट बघत असल्यासारखे. त्या दिवशी ते मला पुरते कळले असं वाटलं होतं. तसं नव्हतं. ते कळले नंतर, त्या पेटीच्या पाठीमागं फिरताना.

पेटी त्यांच्या गावच्या घरची. कोरेगावच्या पुढं त्यांचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. थोरल्या भावाच्या माघारी पुतण्या संभाजी घर आणि ऊस बघायचा. त्या घरात दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर एक फोनोग्राफ पूजेला मांडत. तबकडीच्या ग्रामोफोनच्याही आधीचं हे यंत्र. मेणाचं पोकळ नळकांडं त्यावर फिरतं, सुई घासते आणि कर्ण्यातून आवाज येतो. गावात त्याला 'बसऱ्याची पेटी' म्हणत. आबांचे आजोबा रामजी हवालदार पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडं लढायला गेले होते. तिथं जखमी झालेल्या गोऱ्या साहेबाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं आणि साहेबानं खूश होऊन आपली गाणारी पेटी त्यांना दिली, अशी गोष्ट. गावातलं शेंबडं पोरही ती सांगायचं.

संभाजीनं गावाच्या तोंडाशी कमान बांधायला काढली. कमानीच्या एका खांबात काचेचं कपाट, त्यात पेटी, आणि खाली संगमरवरी फलक. फलकाचा मजकूर लिहून घ्यायचं काम आबांकडं आलं. ते माझ्याकडं आले.

"तुमी इतिहास शिकवलाय न्हवं? लिवून द्या. पन आदी कन्फर्म करू."

"आबा, सगळं गाव सांगतंय की."

"गाव सांगतंय. आजा कवा सांगत न्हवता." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मी ल्हान हुतो, पन ध्यानात हाय. पेटी आजाच पुसायचा, दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा न्हाई. वाजवू तर कवाच दिली न्हाई. लोकं बसऱ्याचं सांगाय लागली की खाली बघून गप बसायचा. आमाला वाटायचं, म्हातारा लाजतोय."

"म्हणजे खोटं आहे असं वाटतं तुम्हाला?"

"वाटन्याचा काय संबंध? निरोप कुठनं निघाला त्येच ठावं न्हाई. त्यो दगडावर कसा कोरायचा?"

उद्घाटनाआधी परत आणून देतो असा शब्द देऊन त्यांनी संभाजीकडून पेटी आणली. वाकळेत बांधून ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि आम्ही पाचगणीला गेलो. तिथं फर्नांडिस सर राहत. एका निवासी शाळेत त्यांनी जन्मभर पियानो शिकवला होता आणि घर जुन्या वाजत्या यंत्रांनी भरून ठेवलं होतं. बाहेर धुकं होतं, रस्त्याकडेला पर्यटक स्ट्रॉबेरी खात फोटो काढत होते. आत सर भिंग लावून पेटीवर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"मी असं यंत्र पाहिलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "कारखान्याचं नाव नाही, नंबर नाही. युरोपात कुठंतरी लहानशा शेडमध्ये झालेलं असणार. पण हे घर पाहा." त्यांनी पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकडात हाडाचे बारीक तुकडे बसवून एक वेल काढलेली होती. "हे तुणीचं लाकूड. तंबोऱ्याला वापरतात. आणि ही नक्षीसुद्धा तंबोऱ्याची. यंत्र परदेशी आहे, पण घर आपल्याकडचं आहे. मला विचाराल तर मिरजेचं."

आबा म्हणाले, "परत सांगा."

सरांनी परत सांगितलं. मग आतलं नळकांडं काढलं. एकच होतं. तपकिरी मेण, वरून पांढरी बुरशी. ते त्यांनी दोन बोटं आतून घालून, दिव्यासमोर धरून फिरवलं.

"हे विकतचं गाणं नाही. घरी भरलेलं आहे. कुणीतरी कर्ण्यात बोललेलं आहे."

"वाजंल?"

"एकदा वाजेल कदाचित, आणि त्यातच संपेल. सुई लावू नका. हल्ली सुईशिवाय, नुसत्या प्रकाशानं वाचतात. परदेशात माझ्या ओळखीची माणसं आहेत, मी विचारतो. तोवर थंड जागी ठेवा. उन्हात अजिबात नाही."

"थंड जागी. उनात न्हाई. सुई लावायची न्हाई," आबांनी म्हणून दाखवलं.

पसरणीचा घाट उतरलो. वाईत गाडी थांबवली तेव्हा आबा म्हणाले, "आज्याला लढाईची दोन मेडलं हाईत. ती खरी हाईत. मी सोता वाचल्यात." मी होय म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जणू मी ऐकलं नव्हतं.

मिरजेत हुसेनभाईंच्या दुकानात आढ्याला भोपळे टांगलेले होते. पिढ्यान् पिढ्या तंबोरे करणारं घर. हुसेनभाई आबांच्याच वयाचे. पेटी उघडल्याबरोबर त्यांनी चष्मा पुसला आणि घरातल्या एखाद्या माणसाला ओळखावं तसे हसले.

"ही वेल आमच्या दादाजींची. आणि ही पेटी बी ठावं हाय मला. बघितली न्हवती, पण लहानपणापासून ऐकलीय. सांगलीत एक चंद्राबाई म्हणून होती. नाटक कंपनीत गायची. कंपनी बुडाली तवा मालकानं तिला ही मशीन दिली. बैलगाडीतनं आणताना पेटी फुटली, म्हणून दादाजींकडं नवी करायला आली. म्हणाली, माझ्या तंबोऱ्यावर हाय तीच वेल पायजे. दादाजी म्हणाले, बाई, परदेशी मशीन ही, तिला काय कळणार वेल? तर म्हणाली, मला कळती की." हुसेनभाई पुन्हा हसले. "आमच्या घरात अजून म्हणतात तसं. मला कळती की."

"सोबत कोन आलं हुतं?" आबांनी विचारलं.

"तिचा माणूसच की. कंपनीच्या दारावर असायचा. बसऱ्याला लढून आलेला, म्हणून बसरेवाला म्हणायचे त्याला. रामजी काय तरी."

"परत म्हना."

"रामजी."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हुसेनभाईंना काही तरी बिनसल्याचं कळलं असावं. ते हळू आवाजात मला म्हणाले, "तिची मुलगी हाय अजून. लीलाबाई. दवाखान्यात आया होती. म्हातारी लय थकलीय. सांगलीत असती, हळदीच्या पेठेमागं."

मला वाटलं, आबा आज माघारी जाऊ म्हणतील. ते सरळ गाडीत जाऊन बसले.

लीलाबाईंची खोली माडीवर होती. खालच्या गोदामातल्या हळदीचा वास जिन्यातून वरपर्यंत येत होता. खाट, स्टोव्ह, खुंटीवर दोन लुगडी. शेजारची सून डबा देऊन जायची, तिनंच आम्हाला आत घेतलं. नव्वदी ओलांडलेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे मात्र स्वच्छ.

"कुनाकडनं आलाय?"

"मी रामजी काटकरांचा नातू," आबा म्हणाले. आपला आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नसे. गॅलरीतली माणसं वळून बघू लागली.

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हातारा कवा गेला?"

"मी ल्हान हुतो तवा."

"हं."

आबांनी वाकळेच्या गाठी सोडल्या. पेटी दिसल्यावर तिनं हात पुढं केला नाही. बऱ्याच वेळानं एक बोट त्या वेलीवर ठेवलं आणि तिथंच ठेवून बोलू लागली.

"ह्यात मी हाय. आई कवा गायली न्हाई ह्यात. भ्यायची. आवाज पेटीत गेला तर गळ्यात ऱ्हानार न्हाई म्हनायची. एकदा मला म्होरं उभी केली. बोल म्हनले. मला तवा खोकला झालेला. बोलायला गेले आन् खोकलेच. आई लय हसली. त्येच भरलंय. माझा खोकला आन् आईचं हसनं."

मी ते आबांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आई तापानं गेली," ती पुढं म्हणाली. "ह्ये, तुझं आजोबा, तवा गावाकडं गेलं हुतं. तेराव्याला आले. मला वाटलं, न्यायला आले. मी माझं बोचकं बांधून दारात बसले हुते." इथं तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "पेटी नेली. मला न्हाई नेलं."

आबा तिच्या खाटेच्या अशा बाजूला बसले होते की त्यांचा गेलेला कान तिच्याकडं होता.

"काय म्हनल्या? परत सांगा."

तिनं तोंड भिंतीकडंच ठेवलं.

"मास्तरीणबाई, काय म्हनल्या?"

मी हळू सांगून पाहिलं. ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. त्या खोलीत, त्या बाईच्या देखत, गॅलरीतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला ते म्हणावं लागलं: "पेटी नेली, मला न्हाई नेलं, म्हणाल्या."

आबांनी टोपी काढली. खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्या," म्हणाले.

तिनं पाय आखडून घेतले. "आत्या म्हनू नगंस. सवय न्हाई." आणि थोड्या वेळानं शेजारच्या सुनेला म्हणाली, "चा टाक गं. लांबनं आल्यात."

पेटी ठेवून घ्या, असं आबांनी तिला तीनतीनदा विनवलं. ती म्हणाली, ठेवू कुठं, इथं कृष्णेचं पाणी वरपर्यंत येतं, तंबोरा त्यातच गेला. निघताना मात्र तिनं त्यांच्या बाहीला धरलं.

"आईचं हसनं निगंल का रं त्यातनं?"

"काढतो," आबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. पेटी परत द्यायचा शब्द दिला होता, म्हणून पेटी घेऊन ते गावी गेले आणि भैरोबाच्या देवळात भावकीला बोलावून सगळं सांगितलं. मी बरोबर होते, पायरीवर बसले होते. पूजेची पोथी सांगतात तसं त्यांनी सांगितलं, क्रमानं, काही न वगळता.

संभाजी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आबा, तिला काय पायजे? वाटा पायजे का?"

"काय नगं तिला."

"मंग कुनासाठी सांगताय ह्ये? आजा काय तुमचा एकट्याचा न्हाई. ल्हान पोरं त्याचं नाव घिऊन भरतीला पळत्यात. त्यांना काय सांगू, बाई ठिवली आन् पोर टाकली?"

"मेडलं खरी हाईत. ती लाव. पेटीखाली खोटं लिवू नगं. आन् नळकांडं तेवढं मला दे."

"कशाला? त्यातलं बाहेर काढायला?"

"व्हय."

"मंग न्हाई," संभाजी म्हणाला.

एकेक माणूस उठून गेलं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ आबांच्या जवळ आले, मला वाटलं समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "ज्ञानू, फौजेत ऱ्हाऊन बी तुला गप ऱ्हाता येत न्हाई व्हय रं?"

कमानीचं उद्घाटन झालं. आबांना बोलावणं नव्हतं. फलकावर बसरा होता, साहेब होता, शौर्य होतं. त्या वर्षी खंडेनवमीलाही गावाकडून निरोप आला नाही. आबांनी आपल्या घरी पाटावर आपली स्वतःची पदकं मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला प्रसाद दिला. फर्नांडिस सरांकडून कळलं की परदेशातली माणसं नळकांडं बघायला तयार आहेत, पाठवा. आबांनी तीन वेळा गावी जाऊन संभाजीकडं ते मागितलं. तिसऱ्या वेळी मीही बरोबर होते; दार त्याच्या सुनेनं उघडलं आणि "घरात न्हाईत" म्हणाली. आतून संभाजीचा आवाज येत होता. मला तो ऐकू आला, आबांना नाही. मी सांगितलं नाही.

सांगलीला ते दर महिन्याला जात. एसटीनं, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. तिथं काय बोलता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती बोलत न्हाई. मला ऐकू येत न्हाई. बरं चाललंय." पुढं शेजारच्या सुनेनं सांगितलं की ते खोली झाडून काढतात, पाणी भरतात आणि मग खाटेशेजारी स्टुलावर बसून राहतात, एसटीची वेळ होईपर्यंत.

उन्हाळा आला. त्या वर्षी ऊन फार होतं. कमानीचा तो खांब पश्चिमेकडं तोंड करून होता. वैशाखात एक दिवस आबा एकटेच गावी जाऊन आले. संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"नळकांडं गेलं," म्हणाले. "उनानं तडकून दोन तुकडं झाल्यात. कडा पाघळल्यात. काचंला डोळा लावून बघितलं. कन्फर्म केलं."

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला निघाले तेव्हा मी त्यांना अडवलं. मी म्हटलं, "आबा, तिला सांगू नका. नव्वदीची बाई आहे. परदेशात पाठवलंय म्हणा, वेळ लागेल म्हणा. तेवढ्या आशेवर जाईल बिचारी."

ते चपला घालायचे थांबले. त्यांना राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आजा बी गप बसला हुता, मास्तरीणबाई. काय झालं बगितलं न्हवं?"

मी बरोबर गेले. का गेले, सांगता येत नाही. त्यांना एकट्याला जाऊ द्यावंसं वाटेना. आबांनी स्टूल ओढून घेतलं, या वेळी चांगला कान तिच्याकडं करून बसले आणि सांगितलं. संभाजीला दोष दिला नाही. माझ्या हातनं झालं न्हाई, म्हणाले. लीलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. खाली पेठेत हमाल पोती उतरवत होते, त्यांचा ओरडा चालला होता.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "वाट बघायची सुटली."

आबांनी ते पहिल्याच वेळी ऐकलं. परत सांगा म्हणाले नाहीत.

मग तिनं त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला, एक पेढा मोडून अर्धा त्यांना दिला, अर्धा मला. स्वतः खाल्ला नाही. आम्ही जिना उतरत असताना वरून शेजारच्या सुनेला सांगताना तिचा आवाज ऐकू आला: "माझा भाचा हाय त्यो. साताऱ्याचा." मी आबांना जिन्यातच ते सांगितलं. ते कठड्याला धरून जरा वेळ उभे राहिले आणि मग उतरले.

श्रावण लागायच्या आधी ती गेली. शेजाऱ्यांनी फोन केला, आबा रात्रीच्या गाडीनं गेले, अग्नी त्यांनीच दिला. दहाव्याला मी आणि माझे यजमान सांगलीला गेलो.

कृष्णेला गढूळ पाणी होतं आणि ते बरंच वर आलं होतं. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरच विधी चालले होते. तिथं दुसरेही दोनतीन जथे होते, प्रत्येकाभोवती माणसांचा गराडा. एका बाजूला एकच म्हातारा भटजींसमोर उघड्या अंगानं बसला होता. डोकं, मिशा सगळं काढलेलं. मी त्याच्यावरून नजर पुढं नेली आणि आबांना शोधू लागले. यजमानांनी कोपरानं खुणावलं तेव्हा कळलं. रंगरुटीपासून राखलेल्या झुपकेदार मिशांशिवाय त्यांचं तोंड एखाद्या आजारी मुलासारखं दिसत होतं. त्यांच्याबरोबर शेजारची सून होती, तिचा नवरा होता आणि मिरजेहून आलेले हुसेनभाई लांब, झाडाखाली उभे होते. गावाकडचं कुणी नव्हतं.

भटजींनी पिंड मांडले. "मयताचं नाव?"

"लीलाबाई."

"संपूर्ण सांगा. लग्न झालं होतं?"

"न्हाई."

भटजी जरा घुटमळले. दवाखान्यात ती जन्मभर 'लीला चंद्राबाई' होती, तेच तिच्या सगळ्या कागदांवर होतं, आणि ते बहुधा त्यांना कुणी तरी सांगितलेलं असावं. "मग आईच्या नावानंच..."

"लीलाबाई रामजी काटकर," आबा म्हणाले.

त्यांच्या त्या आवाजात. घाटावरची सगळी माणसं वळली. दुसऱ्या जथ्यातल्या भटजींचा मंत्र मध्येच तुटला. पाण्यात उतरलेला एक माणूस तसाच वर बघत उभा राहिला.

"हळू बोला हो," आमचे भटजी म्हणाले. "मला ऐकू येतं."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मान डोलावली. मग भटजींनी ते नाव घेतलं, पिंडावर पाणी सोडायला लावलं, पुन्हा घेतलं. प्रत्येक वेळी आबा वाकून त्यांच्या ओठांकडं बघत होते.

सगळं आटपल्यावर मी त्यांना गाडीतून साताऱ्याला चला म्हटलं. ते म्हणाले, खोली रिकामी करून मालकाला किल्ली द्यायची आहे, तेरावा व्हायचा आहे. तुमी व्हा म्होरं. दिवाळीच्या आत तेही गेले. मी तेव्हा मुलीकडं होते, मला उशिरा कळलं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या घाटावर. दोन पायऱ्या चढल्यावर मी मागं वळून बघितलं होतं. इतर जथे निघून गेले होते. ते खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. पिंडाचा भात त्यांच्या बोटांना चिकटलेला होता आणि ते अंगठ्यानं एकेक शीत सोडवून नदीत टाकत होते.